ई-पुस्तकाला किती रुपये मोजाल? सांगली-मिरजेच्या वाचकांचे अनुभव

छापील कादंबरी ४०० रुपयांची आणि तिचंच ई-पुस्तक २८० चं. असं काही दिसलं की आमच्या वाचनगटात तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, कागद नाही, शाई नाही, बांधणी नाही, टपालखर्च नाही, मग २८० कसले मागता? दुसरी म्हणते, लिहिणाऱ्याला कष्ट तेवढेच पडले ना, मग त्याच्या पुस्तकाचं मोल कमी का करायचं? दोघंही तावातावानं बोलतात. पण आपण स्वतः खिशातून किती काढतो हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. मत जरूर मांडा, पण त्याच्यासोबत आकडा द्या. कसलं पुस्तक, छापील असेल तर किती, ई असेल तर किती, आणि तेवढेच का.

माझं आधी सांगते. मी विश्रामबागला राहते, शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. एकदा वाचून बाजूला ठेवण्याची कादंबरी असेल तर ई-आवृत्तीला छापील किमतीच्या निम्मे देते, त्यापुढे जात नाही. वाचून झाल्यावर ती मला शेजारच्या वहिनींकडे देता येत नाही, की बहिणीच्या मुलीला वाढदिवसाला देता येत नाही. कोश, समीक्षा, इतिहासाची साधनं यांच्या ई-आवृत्तीला मात्र मी छापील एवढेच पैसे आनंदानं देईन, कारण हवा तो शब्द क्षणात शोधता येतो. अट एकच, शोधल्यावर तो सापडला पाहिजे. मराठीत हे अजून सरसकट होत नाही. का होत नाही ते आपल्या गटातले प्रेसवाले काका नीट सांगू शकतील, त्यांना मी मुद्दाम लिहायला लावलं आहे.

गावभाग, सांगली. निवृत्त बँक कर्मचारी

मॅडम, आमचा निर्णय कृष्णेनं केला. २००५ च्या पुरात पाणी घरात जिथपर्यंत चढलं होतं ती खूण आम्ही भिंतीवर जपून ठेवली होती आणि पुस्तकांची कपाटं त्या खुणेच्या वर होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, यावरून बाहेरच्यांनी अंदाज घ्यावा. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो, परतलो तेव्हा कपाटं आडवी झाली होती.

पुस्तकं वाचवायचा प्रयत्न घरातल्या सगळ्यांनी केला. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी सांगतो. साध्या मॅपलिथो कागदावरची पुस्तकं उन्हात टाकायची नाहीत. पानांच्या मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालायचे, ते सारखे बदलायचे आणि पंख्याखाली ठेवायचं. आमची बरीचशी पुस्तकं अशी वाचली, वाकडीतिकडी झाली पण वाचता येतात. गुळगुळीत आर्ट पेपरवरची पुस्तकं मात्र गेली. पानावर पान चिकटून त्यांची वीट होते, मग काही करता येत नाही. आमच्याकडची चित्रकलेची आणि किल्ल्यांची पुस्तकं अशी गेली. त्या पुरात शहरातल्या जुन्या वाचनालयाचंही फार मोठं नुकसान झालं, ते आठवलं की स्वतःच्या कपाटाचं काही वाटत नाही.

तेव्हापासून कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं मी ई-स्वरूपातच घेतो. २५० रुपयांपर्यंत सहज देतो, पुस्तक मोठं असेल तर ३०० सुद्धा. छापील फक्त कविता आणि लेखकाच्या सहीचं असेल तर. पूररेषेत राहणाऱ्या माणसाला ई-पुस्तकाच्या किमतीत विमाही मिळतो, असा माझा हिशोब आहे.

मिरज. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, घरून काम

काका, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण विम्याच्या मुद्द्यावर थोडं थांबवतो. कुलूप लावलेलं, म्हणजे दुसरीकडे कॉपी करता न येणारं, ई-पुस्तक आपण विकत घेतो तेव्हा बहुतेक ठिकाणी आपल्याला वाचायचा परवाना मिळतो, मालकी मिळत नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं ग्राहकांच्या किंडल या वाचनयंत्रावरून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, पण वाचत असलेलं पुस्तक रातोरात गेलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हाही लोकांना पैसे परत मिळाले आणि पुस्तकं गेली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलनं यंत्रात घ्यायची सोयही काढून टाकली. म्हणजे स्वतःची प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवायची ती एक वाट होती, तीही गेली.

म्हणून माझे दोन दर आहेत. कुलूपबंद पुस्तक असेल तर १०० रुपये, ते मी भाडं समजून देतो. लेखकानं किंवा प्रकाशकानं मोकळी ईपब फाईल दिली, जी मी कुठल्याही यंत्रावर उघडू शकेन आणि दोन ठिकाणी जपून ठेवू शकेन, तर छापील किमतीच्या ८० टक्के द्यायला तयार आहे. मराठीत अशा मोकळ्या फायली विकणारे फार थोडे आहेत. फायली फिरतील ही त्यांची भीती मला कळते. पण फिरवणारे कुलूप तोडूनही फिरवतातच, त्रास होतो तो पैसे भरलेल्याला.

गावभाग, पुन्हा

दादा, माहिती चांगली दिलीत, आता जी फाईल मोकळी मिळेल ती मुलाकडून पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवेन. तरी माझी निवड बदलत नाही. दुकान बंद पडायची शक्यता आणि जुलै-ऑगस्टात पाणी यायची शक्यता, यातली दुसरी मला जास्त जवळची वाटते.

कुपवाड. पूर्वी छापखाना, आता अक्षरजुळणी आणि मांडणीची कामं

बाईंनी सांगितलंय म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कागदाचा खर्च किती, ते. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं ३२० पानांचं पुस्तक म्हणजे १६ पानी २० फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा). ५०० प्रतींची आवृत्ती काढली तर कागद, छपाई आणि बांधणी मिळून प्रतीला शंभर रुपयांच्या आसपास पडतात, हा माझ्याकडच्या कामांचा अंदाज आहे. त्या पुस्तकावर किंमत छापली ४००. त्यातले ४० टक्के विक्रेता आणि वितरकाला गेले, म्हणजे १६०. लेखकाचं मानधन १० टक्के धरा, ४० रुपये. उरलेल्या शंभरात अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदामाचं भाडं, पार्सलं, आणि न खपता पडून राहिलेल्या प्रती. म्हणजे लोक म्हणतात तो "वाचलेला कागद" चारातला एक रुपया आहे. ई-पुस्तक ४०० चं ३०० झालं तर तेवढ्यानं तो हिशोब पुरा होतो. त्याखाली जायचं तर दुकानदाराचा वाटा कमी व्हायला हवा, आणि ऑनलाइन दुकानं काही कमी वाटा घेत नाहीत.

करही बघा. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकावर आधी १८ टक्के होता, जुलै २०१८ पासून ५ टक्के केला, आणि तोही ज्या पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्यालाच. फक्त ई-स्वरूपात निघालेल्या पुस्तकाला ही सवलत नाही. त्याच मजकुरावर कागद असला तर कर नाही आणि पडदा असला तर कर, हे मला आजही पटत नाही.

आता बाईंचा मुद्दा, शब्द का सापडत नाही. मराठीतली वीस-पंचवीस वर्षांची बहुतेक पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. त्यात पडद्यावर "क" दिसतो, पण फाईलच्या पोटात त्या जागी इंग्रजी अक्षराचा क्रमांक असतो. अशा फाईलची सरळ पीडीएफ केली की ती दिसते सुरेख, पण शोधायला गेलं की काही हाती लागत नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे मराठी नाहीच. फोनवर ती वाचायची म्हणजे दोन बोटांनी पान ताणत बसायचं.

अशी फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी हे मराठी म्हणूनच कळेल अशा अक्षरांत न्यायची साधनं आहेत, मी रोज वापरतो. पण जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. साध्या अक्षराला साधन ती बरोबर फिरवतं, जोडाक्षर आलं की "स्थिती"ची वेलांटी कुठेतरी लटकते. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. "सुऱ्या", "चऱ्हाट" यांतला ऱ हमखास बिघडतो. म्हणजे ३२० पानं पुन्हा एकदा, अगदी पहिल्यापासून, माणसानं डोळ्यांनी वाचावी लागतात. मुद्रितशोधकाला पानामागे पैसे द्यावे लागतात आणि ते द्यायलाच हवेत. हा खर्च दिसत नाही म्हणून लोक समजतात की ई-पुस्तक म्हणजे बटण दाबलं आणि झालं. ज्या प्रकाशकानं हे काम नीट करून घेतलंय त्याच्या ई-पुस्तकाला मी छापील किमतीच्या ७५ टक्के देतो. ज्यानं नुसती पीडीएफ चढवलीय त्याला ५० रुपयेसुद्धा देणार नाही. नमुना पानं उघडून तीन-चार जोडाक्षरं बघितली की दोन मिनिटांत कळतं.

जत तालुका, सध्या सांगलीत अभ्यासिकेत. एमपीएससीची तयारी

नमस्कार. मी घरून महिन्याला ठरलेले पैसे आणतो, त्यात मेस, खोली आणि अभ्यासिका भागवायची असते. त्यामुळं पुस्तकाच्या किमतीचा विचार फार बारकाईनं करतो.

आमच्याकडं बाहेरच्यांना न दिसणारी एक गोष्ट चालते. ६०० चं पुस्तक घेतलं, वर्षभर वापरलं, आणि आवृत्ती जुनी व्हायच्या आत मागून आलेल्या पोराला ३०० ला दिलं. म्हणजे मला ते ३०० लाच पडलं. त्याच्यावर आधीच खुणा आणि टिपा असतात, त्या चांगल्या असल्या तर ३५० पण येतात. ई-पुस्तक ४०० ला घेतलं तर ते ४०० गेलेच, पुढं कुणाला देता येत नाही. मग स्वस्त कुठलं झालं? म्हणून ई-पुस्तक मला २५० च्या वर परवडत नाही, हे मी मोजून सांगतोय.

टेलिग्रामवर सगळं फुकट मिळतं, ते सगळ्यांना माहीत आहे. बरीच पोरं तेच वाचतात. मी सोडून दिलं, कारण त्यातली पानं गायब असतात, आवृत्ती कुठली ते कळत नाही आणि परीक्षेच्या तोंडावर जुना आकडा पाठ करून जाणं आपल्याला परवडणारं नाही. चालू घडामोडी मात्र मी ई-स्वरूपातच विकत घेतो, महिन्याला ३०-४० रुपये. दोन महिन्यांनी त्या कागदाचं करायचं काय?

मिरज. संगीत शिक्षिका

माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला त्रास आहे. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. छापील पुस्तक भिंग घेऊनही आता वाचता येत नाही.

युनिकोडमधलं ई-पुस्तक फोनवर उघडलं की मी अक्षर एवढं मोठं करते की पडद्यावर चार-पाच ओळीच मावतात. डोळे थकले की फोनलाच वाचून दाखवायला लावते. मराठी उच्चार यांत्रिक वाटतात, पण सवय झाली आहे. प्रेसवाले काका ज्या पीडीएफबद्दल बोलले ती माझ्यासाठी कोरीच असते. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि वाचून दाखवायला सांगितलं की फोन भलतंच बडबडतो किंवा गप्प बसतो.

तेव्हा माझा आकडा लिहून घ्या. नीट वाचता येणाऱ्या ई-पुस्तकाला मी छापील पुस्तकाएवढी पूर्ण किंमत देते. प्रकाशकानं दहा टक्के जास्त मागितले तरी देईन. अंध आणि अल्पदृष्टी वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून जो मराकेश करार झाला तो सगळ्यात आधी मान्य करणारा देश भारत होता, २०१४ मध्ये. आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीनं अशी सुलभ प्रत करून घ्यायची मुभा दिली आहे. "सुगम्य पुस्तकालय" हे अशा वाचकांसाठीचं ऑनलाइन वाचनालय आहे, मी त्याची सभासद आहे. पण नवी मराठी कादंबरी तिथे येईपर्यंत थांबायचं आणि बाकीच्यांनी ती आधीच वाचून तिच्याबद्दल बोलायचं, हे मला नको वाटतं. मला सगळ्यांच्या बरोबर वाचायचं आहे आणि त्याचे पैसे भरायचे आहेत.

विश्रामबाग, धागाकर्ती

मध्येच लिहिते आहे, कारण ताईंचं वाचून राहवलं नाही. आतापर्यंतच्या लिहिण्यात कागदाला फार कुणी भाव दिलेला नाही. गावभागातले काका सुरक्षिततेचे पैसे देतायत, जतचा मुलगा पुढे विकता येण्याचे, मिरजेचे दादा स्वतःजवळ ठेवता येण्याचे, आणि ताई वाचता येण्याचे. किंमत किती टक्के असावी हा माझा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. ई-पुस्तक विकणाऱ्यानं आधी सांगावं की हे घेऊन मला काय काय करता येईल, मग मी आकडा सांगेन. दुकानाच्या पानावर पृष्ठसंख्या असते, मुखपृष्ठकाराचं नाव असतं, पण "अक्षर मोठं होतं का, शोध चालतो का, दुसऱ्या यंत्रावर नेता येतं का" या तीन गोष्टी क्वचितच दिसतात. त्या छापायला काहीही खर्च नाही.

आणखी एक. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य वाचता येतो. तो फुकट आहे कारण त्याचा खर्च शासनानं, म्हणजे आपणच, आधी केलेला आहे. त्याचा दाखला देऊन खासगी प्रकाशकाकडे फुकट मागणं मला अन्यायाचं वाटतं. पुढचे अनुभव येऊ द्या.

तासगाव. कथालेखिका

मी लिहिणाऱ्या बाजूनं सांगते. माझा एक कथासंग्रह प्रकाशकानं छापला, किंमत २२०, मानधन १० टक्के. म्हणजे प्रतीमागे २२ रुपये, आणि त्याचा हिशोब वर्षानं. दुसरा संग्रह मी स्वतःच किंडलवर टाकला, ९९ रुपयांना. तिथे ३५ टक्के आणि ७० टक्के असे दोन पर्याय असतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही ही अट मान्य करावी लागते. मला ती नको होती, म्हणून मी ३५ घेतले. कर वगळून प्रतीमागे तीस रुपयांच्या आसपास हातात येतात. निम्म्याहून कमी किमतीच्या पुस्तकानं मला सव्वापटीहून जास्त दिले. अर्थात मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधन माझ्या पदरचं होतं, ते वसूल व्हायला वेळ लागला.

सुरुवातीला मी ४९ ठेवली होती. खप बरा होता, पण कुणाचा शब्द येत नव्हता. ९९ केल्यावर घेणारे थोडे कमी झाले आणि वाचून कळवणारे वाढले. पैसे मोजलेलं पुस्तक माणूस पूर्ण वाचतो, असं मला यावरून वाटतं. माझ्या कथांना १०० रुपये द्यायला वाचक तयार आहे हे कळणं मला कुठल्याही पुरस्काराइतकं मोलाचं आहे, हे अगदी मनापासून सांगते.

वाचक म्हणून विचाराल तर नव्या मराठी लेखकाच्या ई-पुस्तकाला १०० ते १५०, नावाजलेल्याला २०० पर्यंत.

हरभट रोड, सांगली. पुस्तकांच्या दुकानात काम

लेखिका ताईंना नमस्कार. तुमचा पहिला संग्रह आमच्याकडे आहे.

या चर्चेत सगळे छापील किंमत धरून बोलताय, पण त्या किमतीला पुस्तक घेतो कोण? प्रदर्शनात सरसकट २० टक्के सूट असते. प्रकाशनपूर्व सवलतीत ग्रंथ निम्म्या किमतीला जातात. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्याला साहित्य संमेलन झालं, त्या वेळी आमचे कित्येक नेहमीचे ग्राहक थैल्या घेऊन तिकडं गेले होते. म्हणजे बाईंची ४०० ची कादंबरी प्रत्यक्षात ३२० ला पडते आणि ई-पुस्तक २८० ला. फरक राहिला ४० रुपयांचा. एवढ्यासाठी कोण छापील सोडेल? माझ्या मते मराठी ई-पुस्तक न खपायचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. किंमत ठरवणाऱ्यानं ती छापील किमतीशी न ताडता सूट वजा जाता पडणाऱ्या किमतीशी ताडावी.

दुसरी बाजूही सांगतो. गिऱ्हाईक दुकानात येतं, पुस्तक चाळतं, मुखपृष्ठाचा फोटो काढतं आणि ऑनलाइन मागवतं. चाळायची सोय आम्ही दिली, भाडं आम्ही भरतो. ज्यांना दुकानं टिकावीत असं वाटतं त्यांनी चाळलेलं पुस्तक तिथेच घ्यावं, एवढीच विनंती. मी स्वतः ई-पुस्तकाला १५० च्या वर देत नाही.

पलूस तालुका. गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल

आमचं ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीचं, वाचनालय. शासनाचं अनुदान, थोडी वर्गणी, कुणी वाढदिवसाला दिलेली देणगी, यावर चालतं. ४०० चं एक चांगलं पुस्तक घेतलं की ते पाच-सात वर्षं फिरतं. शिलाईची बांधणी असेल तर जास्तच. नुसतं चिकटवलेलं असेल तर वर्षात पानं हातात येतात. एका वाचनाचा खर्च काढला तर तो काही रुपयांवर येतो. त्यासमोर ई-पुस्तक कितीही स्वस्त असलं तरी टिकत नाही, कारण ते आम्हाला सभासदांना देता येईल अशा रीतीनं विकतच कुणी घेऊ देत नाही. ते एका खात्याला जोडलेलं असतं. बाहेरच्या देशांत वाचनालयांना ई-पुस्तकं ठरावीक काळासाठी देता येतात, तसे परवाने घेतलेले असतात. मराठी प्रकाशकांनी मिळून असं काही केलं तर आमच्यासारखी वाचनालयं छापील किमतीच्या दीडपटसुद्धा देतील. तरुण पोरं वाचनालयात येत नाहीत, फोनवर असतात. त्यांच्या फोनपर्यंत जायला आमच्याकडं आज कायदेशीर रस्ताच नाही.

दिवाळी अंकांच्या योजनेला मात्र आजही रांग लागते. ठरावीक पैसे भरायचे आणि सगळे अंक आलटून-पालटून न्यायचे. ई-दिवाळी अंक फुकट निघतात तरी लोक हातातला अंकच मागतात.

सांगली. हौशी नाट्यसंस्थेतला कार्यकर्ता

मराठी नाटक इथे १८४३ साली सुरू झालं, त्यामुळे जुनी संहिता शोधणं हे आमचं नेहमीचं काम. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं. देवल १९१६ मध्ये गेले, खाडिलकर १९४८ मध्ये. दोघांचीही नाटकं आज कुणालाही छापता, चढवता, वाटता येतात. त्यांच्या नुसत्या स्कॅनला कुणी पैसे मागितले तर मी देत नाही. पण पदं तपासून, वृत्तं आणि राग नोंदवून, शोधता येईल अशा मजकुरात कुणी ती तयार केली तर १५० रुपये देईन, आणि तालमीला प्रत्येक नटाच्या फोनवर एकेक प्रत घ्यावी लागली तर तेवढ्या प्रतींचे देईन. मेहनत संपादकाची आहे, तिचे पैसे होतातच.

सांगलीवाडी. दोन लहान मुलांची आई

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकाला ई मध्ये शून्य रुपये. छापील असेल तर ३२ पानांना दीडशेही देते. फोन हातात दिला की मुलं गोष्टीवरून खेळावर जातात, हे घरोघरचं आहे. आणि धाकटा पान चावतो, तेही त्याच्या वाचनातच धरते मी!

तासगाव तालुका. द्राक्ष बागायतदार

इथं सगळे कथा-कादंबरीचं बोलाय लागलेत, म्हणून जरा वेगळं मांडतो. आमचं वाचन म्हंजे डावणी, भुरी, करपा, हे द्राक्षावरचे रोग. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळ छाटणी, आणि त्यात कुठलं औषध कधी मारायचं ह्याचा सगळा खेळ. छापील पुस्तकं घरात चार-पाच हायत, चांगल्या माणसांनी लिहिलेली हायत. पण निर्यातीला चालणाऱ्या औषधांची यादी, ज्याला आम्ही ॲनेक्श्चर ५ म्हणतो, ती बदलत राहती. एखादं औषध यादीतनं निघालं आणि पुस्तकात बघून मारलं, तर मालात अंश सापडतो आणि कंटेनर अडकतो. पुस्तक लिहिणाऱ्याचा दोष नाय, ते छापल्या दिवशीच थांबलेलं असतं.

म्हणून मला ई-पुस्तकच पायजे, पण बदलत राहणारं. यादी बदलली की पुस्तकात बदल झाला पायजे आणि फोनवर कळलं पायजे. मराठीत पायजे, औषधाच्या घटकाचं नाव, कशावर चालतं, काढणीआधी किती दिवस थांबायचं, एवढं नीट. बागेत रेंज नसती, तवा नेट नसताना उघडलं पायजे. हात ओले असत्यात, बोटानं पान ताणता येत नाय, म्हणून अक्षर मोठं पायजे. असं पुस्तक कुणी काढणार असलं तर मी हंगामाला ५०० रुपये देतो, आणि पुढच्या हंगामाला परत ५०० देतो. आमच्या गटातली बाकीची पण देतील, मी विचारून सांगतो. प्रेसवाले काका, तुमच्या ओळखीत कोण असलं तर बोलवा. फळ छाटणीच्या आधी तयार झालं तर ह्याच हंगामात वापरता येईल.